डाव्या बाजूचं वजन

सीताराम राऊळांना डावीकडे वळायची धास्ती बसली ती वयाच्या सत्तराव्या वर्षी. त्याआधी जवळजवळ तीस वर्षं ते जोगेश्वरीच्या मेघवाडीतून आपली लॅम्ब्रेटा काढत आले होते, आणि रस्ता उजवा असो की डावा, त्यांना कधी फरक पडला नव्हता. कारण स्कूटरच्या डाव्या अंगाला साइडकार होती आणि साइडकारमध्ये त्यांची बायको शकु बसलेली असायची.

ज्यांनी साइडकारची स्कूटर चालवली नाही त्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवलेली बरी. ही गाडी दुचाकीसारखी कलत नाही. साइडकार रिकामी असेल आणि डावीकडे वळताना वेग जरा जास्त झाला, तर तिसरं चाक जमीन सोडतं आणि अख्खी गाडी चालवणाऱ्यासकट उजवीकडे लवंडू बघते. म्हणून शहाणी माणसं एकटं जाताना साइडकारमध्ये वाळूची गोण ठेवतात. सीतारामांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस तो. ठाऊक असूनही त्यांनी गोण ठेवली नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

ही स्कूटर त्यांच्या घरात आली तेव्हा तिला स्कूटर म्हणणं म्हणजे थट्टाच होती. चौऱ्याण्णव साल. मरोळ गावठाणात एका म्हाताऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गृहस्थाच्या आवारात ती आंब्याखाली उभी होती. उभी कसली, रुतली होती. साइडकारमध्ये कोंबड्या अंडी घालत. सीताराम त्या घराचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेले होते. मजुरी नको, हे धूड न्या, असं म्हातारा म्हणाला आणि सीतारामांनी ते हातगाडीवर घालून आणलं. चाळीतल्या लोकांनी गॅलरीत उभं राहून ती वरात बघितली. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं सीतारामांची आई मोठ्यानं म्हणाली. शकु खाली उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली, साइडकारमध्ये हात घालून एक अंडं बाहेर काढलं आणि विचारलं, "हे पण गाडीबरोबर दिलं का?"

शकु तेव्हा सीप्झमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत सोल्डरिंगला होती. दिवसभर भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडायच्या, असं काम. सीतारामांनी सहा महिन्यांत इंजिन खोललं, पिस्टन बदलला, कार्बोरेटर उकळत्या पाण्यातून काढला आणि मोठ्या तोऱ्यात वायरिंगलाही हात घातला. गाडी सुरू झाली खरी, पण हॉर्न दाबला की हेडलाइट लागायचा आणि ब्रेक मारला की हॉर्न वाजायचा. शकु हसून हसून खाली बसली. मग तिनं सगळ्या वायरी उपटून काढल्या, कालनिर्णयाच्या पाठीमागे नवा नकाशा काढला आणि एकेक सांधा स्वतः जोडला. तिचा एकही सांधा आजपर्यंत सुटलेला नाही. रंगाचं भांडण मात्र दीड महिना चाललं. सीतारामांना पांढरा हवा होता, शकुला पोपटी. गाडी पोपटी झाली हे सांगायला नको.

सगळं मिळून दीड वर्ष लागलं. मनात आणलं असतं तर सहा-सात महिन्यांत झालं असतं. पण दोघांनाही घाई नव्हती, आणि त्याचं कारण दोघंही कधी बोलले नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत तेव्हा सात माणसं राहत होती. सीतारामांचे आईवडील, दोन धाकटे भाऊ, हे दोघं आणि आठ वर्षांची दीप्ती. नवराबायकोला दोन शब्द बोलायला जागा नव्हती. चाळीच्या मागे स्कूटर उघडी करून दोघं बाजूबाजूला बसले, की कुणाची हरकत नसायची. काम चाललंय, असं सगळे म्हणायचे. एकानं पाना मागायचा, दुसऱ्यानं पाना द्यायचा, आणि मधल्या वेळात लग्नानंतर तेरा वर्षं राहून गेलेलं बोलणं व्हायचं. काही माणसांना संसारात स्वतःची खोली मिळते. या दोघांना स्कूटर मिळाली.

पुढे भाऊ आपापल्या घरी गेले, म्हातारी माणसं गेली, चाळीच्या जागी सात मजली इमारत झाली आणि राऊळांना दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. दीप्ती इंजिनिअर झाली, विशालशी लग्न करून बंगळूरला गेली. आता बोलायला हवी तेवढी जागा होती. तरी रविवारी सकाळी दोघं खाली पार्किंगमध्ये जात, गाडीवरचं कापड काढत, आणि पवईच्या तलावापर्यंत चक्कर मारून येत. शकु साइडकारमध्ये बसून इंजिनाचा आवाज ऐकत असे. गाडी चालू असतानाच ती सांगायची, प्लग काळा झालाय, नाहीतर ऑइल जास्त पडलंय. सीताराम आधी नाही म्हणायचे आणि घरी येऊन प्लग काढला की गप्प बसायचे.

दोन वर्षांपूर्वी दीप्तीचं बाळंतपण आलं आणि शकु सहा महिन्यांसाठी बंगळूरला निघाली. निघायच्या दिवशी बॅग दारात होती, रिक्षा खाली उभी होती आणि शकु उंबऱ्यात उगाचच थांबली होती. सीतारामांना वाटलं, तिला काळजी वाटतेय. ते म्हणाले, "जा, जा. पोरीला तुझी गरज आहे. माझी काळजी नको. मी आहे नि गाडी आहे." आपण फार समजूतदार बोललो असं त्यांना वाटलं. शकुनं मान हलवली आणि ती जिना उतरली.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. नातू पाळणाघरात सारखा आजारी पडायचा, दीप्तीची नोकरी सुटता कामा नये, मग दुसऱ्या वेळची चाहूल लागली. नात झाली. वर्षाची दोन वर्षं कशी झाली हे कुणालाच कळलं नाही. यात वाईट कुणीच नव्हतं, हीच तर खरी अडचण होती. भांडायला माणूस लागतं, आणि इथे भांडायचं तर दोन तान्ह्या पोरांशी.

मध्ये सीताराम स्वतः महिनाभर तिकडे राहून आले. चौदाव्या मजल्यावरचं घर, स्वच्छ, हवेशीर. शकु दिवसभर पोरांच्या मागे, दीप्ती नि विशाल दार लावून कॉम्प्युटरपुढे. सीताराम सोफ्याच्या या टोकावरून त्या टोकाला सरकत राहिले. एकदा जेवताना दीप्ती म्हणाली की बाबा, तुम्ही आता इकडेच या, ती गाडी कुणालातरी देऊन टाका. प्रेमानंच म्हणाली. सीताराम म्हणाले की गाडी बंद राहिली तर इंजिन जाम होईल, मला जायला हवं. शकु ताटात बघत भात कालवत राहिली. परत निघताना ती लिफ्टनं खाली सोडायला आली आणि टॅक्सीच्या खिडकीशी वाकून एवढंच म्हणाली की पेट्रोलचा कॉक बंद करत जा.

तिथून रविवारच्या फोनचा रिवाज सुरू झाला. नवाच्या ठोक्याला सीताराम पार्किंगमध्ये जायचे, शकुला फोन लावायचे, फोन साइडकारच्या सीटवर ठेवायचे आणि किक मारायचे. बंगळूरात शकु कान देऊन ऐकायची. मग निदान करायची. पॉइंट घासलाय. सायलेन्सरचा नट ढिला झालाय. एकदा म्हणाली, तुम्ही दाढी न करता खाली आलात वाटतं. त्याचा इंजिनाच्या आवाजाशी काय संबंध हे सीतारामांना आजवर कळलेलं नाही, पण दाढी केलेली नव्हती हे खरं. दहा मिनिटं गाडीविषयी बोलणं व्हायचं, मग पोर रडायचं आणि फोन ठेवला जायचा. त्या पिढीची माणसं प्रेमाचा शब्द उच्चारायचा म्हटलं की दातखीळ बसल्यासारखी करतात. कार्बोरेटरबद्दल मात्र कितीही बोलतील.

एका रविवारी तिकडे नातवाची लस होती. शकुनं कळवलं की आज आवाज रेकॉर्ड करून पाठवा, मी नंतर ऐकते. शेजारच्या नंदकिशोर पालवांनी दाखवलं तसं सीतारामांनी पाऊण मिनिटाचं रेकॉर्डिंग करून पाठवलं. त्यावर शकुचं उत्तर आलं, ऐकलं, बरं आहे. तो विषय तिथेच संपला, असं सीतारामांना वाटलं.

गोणीचं तिनंच सुचवलं होतं. एकटे फिरता तर वाळू भरून गोण ठेवा, पन्नास किलो तरी हवी. सीताराम ऐकणारे नवरे. त्यांनी समोरच्या इमारतीच्या बांधकामावरून वाळू मागून आणली, गोण शिवली आणि नंदकिशोरच्या मदतीनं उचलून साइडकारमध्ये ठेवली. मग ते दोन पावलं मागे सरले आणि बघत राहिले. ज्या रेक्झिनच्या सीटवर शकुनं स्वतः सुईदोरा चालवला होता, तिथे ती गोण मांडी ठोकून बसली होती. अर्ध्या तासानं त्यांनी एकट्यानंच ती ओढून खाली पाडली. कमरेत चमक भरली ती भरलीच. शकुला फोनवर सांगितलं, ठेवली गोण.

तेव्हापासून ते डावी वळणं चालत्या माणसाच्या वेगानं घ्यायचे. मागचे रिक्षावाले शिव्या घालायचे. पण रिकाम्या सीटवर जणू कुणी आहे अशा बेतानं गाडी चालवण्यात त्यांना एक समाधान मिळत होतं, आणि ते कुणाला समजावून सांगण्यासारखं नव्हतं.

जानेवारीच्या एका मंगळवारी पवईहून येताना, लिंक रोडवरून मेघवाडीकडे वळायच्या ठिकाणी मागून एका डंपरनं हॉर्न दिला. सीताराम दचकले, हात वेग द्यायच्या बाजूला पिळला गेला आणि गाडी वेगात डावीकडे वळली. साइडकार उचलली. त्यांनी सवयीनं उजवा पाय टेकवला आणि गाडी त्याच पायावर आली. गाडीला दोन ओरखडे पडले. सीतारामांच्या घोट्याचं हाड मोडलं. लोकांनी रिक्षात घातलं, दवाखान्यात प्लॅस्टर झालं आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. नंदकिशोरनं टेम्पो करून गाडी घरी आणली आणि कापड घालून ठेवली.

शकुला कळवायचं नाही, हे सीतारामांनी दवाखान्यातच ठरवलं. नंदकिशोरच्या बायकोला, रुक्मिणीवहिनींना, तसं शपथेवर बजावलं. वहिनी दोन वेळचा डबा आणून द्यायच्या आणि न बोलता भांडी आदळायच्या. दीप्तीला कळलं तर गाडी जाणार, एवढं एकच भय त्यांना नव्हतं. प्लॅस्टर बघायला शकु धावत आली असती, सहा आठवडे पथ्यपाणी केलं असतं आणि पाय बरा झाला की परत गेली असती. ती त्यांना पायासाठी यायला नको होती. मग कशासाठी हवी होती, याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

रविवार उजाडला. पाय उशीवर, गाडी दोन मजले खाली. साडेआठच्या सुमारास त्यांना ते रेकॉर्डिंग आठवलं. शकुचा जुना फोन कपाटात होता, नंदकिशोरकडून त्यात ते घालून घेतलं. मग दार लावून त्यांनी बंगळूरला फोन लावला आणि जुना फोन त्याच्या तोंडाशी धरला. किक, दुसरी किक, आणि इंजिन धडधडायला लागलं.

"बरं वाटलं," शकु म्हणाली आणि पोरांचं काहीतरी सांगायला लागली.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. आपली युक्ती साधली याचा सीतारामांना आनंद व्हायला हवा होता, पण तिसऱ्या रविवारी फोन ठेवल्यावर त्यांना फार उदास वाटलं. जी बाई एरवी खोट काढल्याशिवाय रविवार सोडत नसे, तिनं तीन रविवार नुसतं बरं वाटलं म्हणून सोडून दिलं होतं. तिचं लक्ष उडालं असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. तिचं तिकडे मन रमलं असेल. रमायलाच हवं, नातवंडं आहेत. हे मनाशी घोकत ते बसून राहिले आणि वहिनींनी आणलेला डबा त्या दुपारी तसाच राहिला.

चौथ्या रविवारी पावणेनवालाच फोन वाजला. शकुचा होता.

"आज गाडी लावू नका," ती म्हणाली. "मी विचारते त्याचं खरं उत्तर द्या. गाडी विकलीत का?"

सीताराम उठून बसायला गेले आणि पाय ठणकला. भलतंच काय विचारतेस, असं काहीतरी ते पुटपुटले.

"तीन रविवार तुम्ही मला तेच रेकॉर्डिंग ऐकवताय. दुसरी किक, मग कुत्रा भुंकतो, मग कुणीतरी बादली आपटतं. मला त्यातला कुत्रासुद्धा पाठ झालाय. पोरं झोपली की मी रोज ऐकते ते."

रोज, हा शब्द सीतारामांच्या डोक्यात बराच वेळ फिरत राहिला. ते त्या रेकॉर्डिंगला एकदा ऐकून संपलेली गोष्ट समजत होते.

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

"बोलले असते आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?" शकुचा आवाज बारीक झाला. "मी इथे सांगून ठेवलंय, मार्चमध्ये आरटीओत गाडीचं पासिंग आहे, दर पाच वर्षांनी असतं, मी साइडकारमध्ये बसल्याशिवाय ते होत नाही, मला गेलंच पाहिजे. दीप्ती हसते, पण ऐकून घेते. गाडीच नसेल तर मी काय सांगून घरी यायचं?"

दोन वर्षं सीताराम गाडीच्या नावाखाली मुंबईत राहिले होते आणि ही बंगळूरात त्याच गाडीच्या नावाखाली घरी यायची तयारी करत होती. तिच्याशी आता खोटं बोलायची त्यांना लाज वाटली. त्यांनी सगळं सांगितलं. डंपर, पाय, प्लॅस्टर, टेम्पो, वहिनींचे डबे.

शकु म्हणाली, "गोण ठेवली नव्हतीत."

"नाही."

"मला म्हणालात ठेवली."

"ठेवली होती. काढली. तिथे तू बसतेस."

पलीकडून शकुनं नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिचा नेहमीचा, कामाला लागलेला सूर. ती म्हणाली की बरं झालं, पायाचं कारण दीप्तीला पटेल, त्यावर कुणी काही बोलणार नाही, विशालला सांगून उद्याचं तिकीट काढते.

इथे सीतारामांनी हो म्हटलं असतं तर शकु दुसऱ्या दिवशी घरात असती. हेच तर त्यांना दोन वर्षं हवं होतं. पण हाडं जुळतात, प्लॅस्टर निघतं, मार्चचं पासिंगही होऊन जातं, आणि दर वेळी तिला पुन्हा एक नवं कारण शोधत बसावं लागेल, हे त्यांना दिसलं. उंबऱ्यात उगाचच थांबलेली शकुही दिसली. तिला कसली काळजी वाटत नव्हती. ती त्यांच्या एका शब्दाची वाट बघत होती.

"पायाचं नाव काढू नको," ते म्हणाले. "गाडीचं पण नको."

"मग काय सांगू?"

मुंबईत सगळ्यांशी सगळं बोलून झालं की घरात दोघंच असताना ते जी मालवणी बोलत, ती त्यांच्या तोंडात आली. "माका करमना नाय गो, शकु. दोन वर्सां करमना नाय. तू ये." आणि मग, ती पुन्हा काही विचारील या धास्तीनं, "कोणी कारण इचारला तर ह्याच सांग."

पलीकडे धाकटी नात रडायला लागली. ते रडणं वाढत गेलं, आणि शकु जागची हलली नाही. मग फोन हातात तसाच ठेवून तिनं दीप्तीला हाक मारली. आतलं दार उघडल्याचा, चपला ओढल्याचा आवाज आला, आणि काय झालं गं आई, असं दीप्तीनं विचारलेलं सीतारामांना स्पष्ट ऐकू आलं.

"काही झालं नाही," शकु म्हणाली. "तुझ्या बाबांना माझ्याशिवाय करमत नाही. मलाही करमत नाही. मी घरी चाललेय."